टफन्ड आहे ना, मग झालं?



चातुर्मास संपून लग्नसराई जवळ आली की आमच्या माजिवड्यात घराघरांतून ड्रिल मशीनचा आवाज यायला लागतो. कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाचं नव्या टॉवरमधलं घर, कुणाच्या सुनेला घरातूनच ऑफिस चालवायचं असतं. सगळ्यांच्या कागदावर हल्ली एक मागणी नक्की असते, ती म्हणजे काचेचं दार. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये काच, बाथरूममध्ये काच, डेकला काच आणि देवघरालाही काच. "काच घरात बरी का?" असं विचारलं की इंटेरियरवाल्याचं उत्तर तयार असतं, "काकू, टफन्ड आहे ना, मग झालं!"

माझं म्हणणं असं की एवढ्यानं होत नाही. टफन्ड काच घ्यायलाच हवी, त्यात तडजोड नको. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि आपण ती सगळ्या प्रश्नांचं उत्तर समजून पैसे मोजतो.

आधी ही काच म्हणजे काय ते बघू. आमच्या सांगली-कराडकडच्या पिढीला काच भेटली ती कंदिलातून. ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी असायचा. पेटत्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची, म्हणून घरातल्या बायका आम्हा मुलांना जवळ येऊ द्यायच्या नाहीत. गंमत अशी की कारखान्यात टफन्ड काच करताना हेच मोजूनमापून करतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी सारख्याच जोरात थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर. आतला थर थंड होताना बाहेरच्याला आत ओढत राहतो, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबलेला राहतो. हा दाबच तिची ताकद. त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती चार ते पाच पट मजबूत असते, आणि फुटली तर सुऱ्यासारख्या लांब पात्यांऐवजी तिचे खडीसाखरेएवढे खडे होतात.

म्हणजे टफन्ड काच काय सांभाळते? फुटल्यावर होणारी इजा. साध्या काचेचं दार काय करू शकतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. २०२० च्या जून महिन्यात केरळमधल्या पेरुंबवूर इथं एका बँकेच्या शाखेतून एक बाई घाईघाईनं बाहेर निघाल्या. समोरचं काचेचं दार त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या धडकल्या, काच फुटली, तिचे धारदार तुकडे पोटात घुसले आणि त्यांचा मृत्यू झाला. कामासाठी बँकेत गेलेली तुमच्या-माझ्यासारखीच एक बाई होती ती. अमेरिकेत अंगणाकडच्या काचेच्या दारांतून माणसं आणि मुलं आरपार जाऊन जखमी व्हायची, म्हणून तिथं १९७७ पासून दारांना सुरक्षा काच कायद्यानं सक्तीची आहे. आपल्याकडे सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे, आणि २०२० साली केंद्र सरकारनं गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून या काचेला आयएसआय चिन्ह सक्तीचं करण्याचं पाऊल उचललं.

पण पेरुंबवूरची गोष्ट नीट वाचली तर तिच्यात दोन चुका दिसतात. एक, काच धारदार तुकड्यांत फुटली. दुसरी, दार दिसलंच नाही. टफन्ड काच पहिली चूक दुरुस्त करते, दुसरी नाही. उलट काच जितकी मजबूत, तितकं तिच्यावर आपटणारं कपाळ, नाक नाहीतर चष्माच फुटण्याची शक्यता जास्त. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आजी, मोबाइल बघत चालणारा नातू, नव्यानं धावायला लागलेलं बाळ यांच्यासाठी पारदर्शक दार म्हणजे न दिसणारी भिंतच. काचवाला मजबुतीची हमी देईल. दिसण्याची हमी घरच्यांनीच द्यायची असते.

इथं मला आपल्या धर्माची शिकवण फार उपयोगाची वाटते. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला धरलं आहे. बेसावधपणे वागून प्राणाला इजा पोचवणं ही हिंसा. मारण्याची इच्छाच हवी असं नाही, निष्काळजीपणा पुरतो. आपण पाणी गाळून घेतो, धान्य निवडून घेतो, रात्री चूल पेटवत नाही, ते त्याच सावधपणासाठी. मग पन्नास-साठ किलोचं न दिसणारं दार घराच्या वाटेत उभं करताना तो सावधपणा इंटेरियरवाल्याच्या भरवशावर सोडून कसं चालेल?

ईर्यासमितीचंच बघा. मुनिमहाराज, आर्यिका माताजी, साध्वीजी चार हात पुढची जमीन पाहत चालतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. त्यांची दृष्टी खाली असते. आता आपल्या सोसायटीच्या लॉबीला, मंदिराच्या हॉलला किंवा आहारासाठी सजवलेल्या आपल्याच घराला पारदर्शक काचेचं दार असेल, तर जमिनीवर नजर लावून येणाऱ्या त्या जीवाला ते दिसणार कसं? काचेतून पलीकडची लादी सलग दिसते. जो सगळ्यात जास्त सावध आहे, त्यालाच आपण फसवतो. म्हणून माझा आग्रह आहे की काचेच्या दारावर दोन पट्टे हवेत. एक मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला आणि दुसरा खाली, लहान मुलाच्या आणि खाली नजर ठेवून चालणाऱ्याच्या टप्प्यात. पट्टा फ्रॉस्टेड असो, रंगीत ठिपक्यांचा असो की वेलबुट्टीचा, पण पलीकडच्या भिंतीच्या रंगात मिसळणारा नको. सगळ्यात बरं म्हणजे पूर्ण दारच फ्लुटेड किंवा फ्रॉस्टेड घेणं. उजेड तेवढाच येतो, आणि दार हे दार म्हणून दिसतं.

"मग काच घ्यायचीच कशाला?" असं काही जणी म्हणतील. मी काचेच्या विरोधात नाही. आमच्याकडच्या इमारतींत मधल्या खोल्यांना दिवसाही दिवा लावावा लागतो. अशा घरात काचेच्या दारातून येणारा उजेड विजेचं बिल वाचवतो आणि मन प्रसन्न ठेवतो. प्रश्न एवढाच आहे की कुठं, कशी आणि कुणाला धरून.

स्वयंपाकघराच्या वाटेत ढकलून उघडायचं काचेचं दार मला मान्य नाही. तिथून जाताना आपले दोन्ही हात भरलेले असतात, कधी उकळत्या वरणाचं पातेलं, कधी ताटं. दार कोपरानं नाहीतर पायानं ढकललं जातं. टफन्ड काचेचा नाजूक भाग म्हणजे तिची कड. मधोमध बुक्की मारली तर ती सोसेल, पण कडेला स्टीलच्या घागरीची ठेच लागली तर क्षणात सगळी काच खाली येते. आणि ते हजारो खडे जातात कुठं? पिठात, डाळीत, उघड्या भांड्यांत. आहाराचा चौका लागलेला असेल तर सगळं काढून टाकण्याशिवाय गत्यंतर नाही. तिथं काच हवीच असेल तर सरकतं दार घ्या, जाता-येताना ते उघडं ठेवा आणि काचेच्या कडा ॲल्युमिनियमच्या चौकटीत बंद करून घ्या.

सरकत्या दाराचीही एक गोष्ट आहे, जी कुठलाही इंटेरियरवाला सांगणार नाही. खाली रूळ असला की त्यात पाणी, कचरा, अन्नाचे कण साठतात. त्यामागे मुंग्या येतात, आणि दिवसातून वीस वेळा दार त्यांच्यावरून फिरतं. पालीची पिल्लंही त्या फटीत सापडतात. वरून टांगलेलं सरकतं दार मिळतं, त्याला खाली सलग रूळ नसतो, फक्त दार हलू नये म्हणून एक लहानसा मार्गदर्शक असतो. खर्च थोडा वाढतो, पण केरसुणी सरळ फिरते, पायाला ठेच लागत नाही आणि रोजची हिंसा टळते. मला तो खर्च योग्य वाटतो. फक्त वरची तुळई किंवा भिंत ते वजन पेलणारी आहे ना, एवढं पाहून घ्या.

बाथरूममध्ये टफन्डशिवाय दुसरी काच लावूच नये. ओली लादी, साबण आणि वय, तिघं एकत्र आले की पाय घसरतोच. आणि काचेवर बसवलेल्या हँडलला किंवा टॉवेलच्या दांडीला आधारासाठी धरू नका. उठता-बसता धरायची दांडी भिंतीत वेगळी बसवून घ्या. ही काच कधी कधी कारणाशिवायही फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण राहून गेलेला असतो, तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो आणि एक दिवस काच आपोआप फुटते. अशा काचा कारखान्यातच फुटून वेगळ्या व्हाव्यात म्हणून 'हीट सोक' नावाची तापवण्याची चाचणी करतात. मोठ्या दारांसाठी ती करून मागा. जिथं फुटलेली काच खाली पडताच कामा नये, म्हणजे गॅलरीच्या कठड्याला किंवा डोक्यावरच्या छताला, तिथं लॅमिनेटेड काच हवी. तिच्या दोन थरांच्या मधला चिवट पडदा तुकडे धरून ठेवतो.

आता देवघर. काचेच्या दारावर णमोकार मंत्र कोरून घ्यायची हौस वाढली आहे. हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. दार हे उघडायला, ढकलायला, पुसायला असतं. मंत्राच्या अक्षरांवर रोज खरकटे-ओले हात लागणार, ओलं फडकं फिरणार. आणि काच फुटली तर ती अक्षरं केरभरणीत जाणार. आपल्या जिनवाणीची पोथी आपण जमिनीवर ठेवत नाही, आणि मंत्र मात्र दारावर? मंत्र आतल्या भिंतीवर पितळी पत्र्यात किंवा लाकडात घ्या. दारावर साधी वेल, कमळ, स्वस्तिकाशिवायची नक्षी पुरे. नक्षीसुद्धा काच टफन्ड करण्याआधीच कोरावी लागते. नंतर खोल कोरायला गेलं तर तिच्यातला ताण बिघडतो.

डेकच्या मोठ्या काचांबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. माजिवड्याहून येऊरचा डोंगर काही फार लांब नाही. बुलबुल, दयाळ, पोपट आपल्या गॅलऱ्यांपर्यंत येतात. स्वच्छ काचेत त्यांना आकाश आणि झाडं दिसतात, आणि ते पूर्ण वेगानं त्यावर येऊन आदळतात. दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण पक्षी जखमी होऊच नये याची सोय आपल्या काचेवर करता येते. उपाय स्वस्त आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूनं सगळीकडे ठिपके किंवा रेघा, एकमेकांपासून दोन इंचांहून जास्त अंतर नाही अशा. कोपऱ्यात एक गरुडाचं चित्र चिकटवून फारसं भागत नाही, पक्षी त्याच्या बाजूनं जायला बघतो आणि आदळतो. रेघांऐवजी बाहेरून बारीक जाळी लावली तरी चालते, डासही थांबतात.

आणि धूळ! नाशिक महामार्ग, घोडबंदर रोड आणि मुंबईकडचा रस्ता आमच्या नाक्यावर एकत्र येतात, त्यात मेट्रोचं बांधकाम. इथं पारदर्शक काच चकचकीत ठेवायची म्हणजे सारखी धुवायची. पाण्याच्या थेंबातही आपण जीव मानतो. केवळ चमक टिकवायला बादल्या ओतणं याला आपल्याकडे अनर्थदंड हा नेमका शब्द आहे, ज्यातून काही साधत नाही अशी हिंसा. फ्लुटेड काचेवर बोटांचे ठसे आणि धूळ कमी दिसते, कोरड्या फडक्यानं भागतं. व्रत आणि सोय दोन्ही एकाच बाजूला येण्याचे प्रसंग थोडे, हा त्यांतला एक.

दुकान आणि ऑफिससाठी थोडं वेगळं. तिथं येणारा माणूस नवखा असतो, त्याला दार कुठं संपतं ते माहीत नसतं. दुकानाचं नाव नजरेच्या उंचीला पट्ट्यासारखं घ्या, म्हणजे जाहिरातही होते आणि इशाराही. हँडलपाशी मराठीत 'ढकला', 'ओढा' लिहा. खालच्या फ्लोअर स्प्रिंगची गती अशी लावून घ्या की दार म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर आदळणार नाही. वीज गेल्यावर उघडणार नाही असं स्वयंचलित दार घेऊ नका. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते, टफन्ड काच आगीला अडवत नाही. जिन्याकडचं अग्निरोधक दार काढून तिथं शोभेची काच बसवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत आला, तर हात वर करून विरोध करा.

आता हिशेब. मी कॉमर्सची, त्यामुळे आकड्याशिवाय माझं समाधान होत नाही. काचेचं वजन सोपं आहे, एक मीटर लांब-रुंद काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. तीन फूट बाय सात फुटांचं बिनचौकटीचं दार १२ मिलिमीटरचं घेतलं तर साधारण ५८ किलो, १० चं घेतलं तर ४९ आणि ८ चं घेतलं तर ३९ किलो. म्हणजे १२ चं दार सिमेंटच्या गोणीहून जड. ते जिप्समच्या पार्टिशनवर चार स्क्रूंनी टांगलेलं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून कोटेशन मागताना काच, भोकं-खाचा आणि कडांची घासाई, बिजागऱ्या-हँडल, वाहतूक, बसवणावळ आणि कर हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. एकच गोल आकडा दिला तर कमी कुठं केलंय ते कळत नाही. आणि कमी बहुतेक बिजागऱ्यांतच केलेलं असतं, कारण काच डोळ्यांना दिसते, बिजागरी कुणी बघत नाही.

माल आला की तीन गोष्टी तपासा. पहिली, कोपऱ्यात पुसता न येणारा शिक्का, त्यात कंपनीचं नाव आणि आयएसआय चिन्ह. चिकटवलेला कागद म्हणजे शिक्का नव्हे. दुसरी, चारही कडा. कुठंही टवका उडालेला असेल तर काच परत पाठवा. तिसरी, मिस्त्री काय बोलतो ते. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे "थोडी मोठी आहे, इथंच कापून बसवतो" असं तो म्हणाला आणि काच खरंच कापली गेली, तर ती टफन्ड नव्हती हे तिथंच सिद्ध झालं. मापं आधी नीट घ्यायची ती यासाठीच.

ज्यांच्या घरात आधीच साध्या काचेची दारं आहेत, त्यांनी सगळं तोडायची गरज नाही. चांगली चालणारी वस्तू टाकून देणं अपरिग्रहात बसत नाही. अशा काचेवर सेफ्टी फिल्म लावून घेता येते. काच फुटली तरी तुकडे तिला चिकटून राहतात. फिल्म फ्रॉस्टेड घेतली तर दार दिसायलाही लागतं, दोन्ही कामं एका खर्चात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या सुनांना हाच मार्ग परवडेल.

शेवटी मंदिराच्या आणि स्वाध्याय भवनाच्या कमिटीवर असलेल्या मैत्रिणींना एक विनंती. एसीसाठी आपल्या हॉलना भराभर काचेची दारं लागत आहेत. तिथं येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढच्या असतात, डोळे नुकतेच ध्यानातून उघडलेले आणि बाहेर लख्ख ऊन. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर एवढंच घ्या, प्रत्येक काचेच्या दारावर वर एक आणि खाली एक पट्टा. खर्च एखाद्या दिवसाच्या प्रभावनेएवढाही येणार नाही. घरी तर सभेचीही वाट बघायला नको. रांगोळीच्या नक्षीची स्टिकरं आज आणली तर आजच लागतात. मी आमच्या मजल्यापासून सुरुवात केली आहे, तुम्ही तुमच्या दारापासून करा.